बांधलेला आकडा

११ फेब्रुवारी

दाजी,

त्या मंगळवारी सकाळी मी साडेचारला उठलो. अंघोळ केली, देवापुढे दोन मिनिटं हात जोडून उभा राहिलो, डबा घेतला आणि पाच वीसची कंपनीची बस धरली. पावणेसहाला फाटकात कार्ड लावलं, कंट्रोल रूमच्या बाहेर बूट काढून आत आलो. तुम्ही दोन नंबरच्या खुर्चीत होता, चष्मा कपाळावर. मला बघून म्हणालात, "आलास? ये. प्लांट झोपलाय, तू उठवू नकोस."

पाळीची वही तुम्ही माझ्याकडे सरकवलीत. तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तळटाकीच्या पातळीचा आकडा नाचतो आहे. लक्ष ठेवावे. आठला वर्कशॉप उघडल्यावर सांगावे.' तेच तोंडानेही सांगितलंत. मग टॉवेल खांद्यावर टाकून अंघोळीला गेलात. सकाळी सकाळी ताईला पाणी तापवायला लावायचं नाही, म्हणून रात्रपाळी संपली की तुम्ही कंपनीतच अंघोळ उरकायचात. खाली प्लांटमध्ये फिरणारा आपला शिट्टी त्यावर म्हणायचा, दाजी घरी फक्त वाळायला जातात.

डबा मी कुठल्या खणात ठेवला तेसुद्धा मला आठवतं. इतकं स्वच्छ आठवतं की त्याचीच कधी कधी भीती वाटते. पुढची सकाळ तुम्हाला माहीत आहे. ती लिहीत नाही.

तीन वर्षांत तुमच्या दारी आलो नाही. फोन ताई उचलत नाही, आणि उचलला असता तरी मी काय बोललो असतो कोण जाणे. आज लिहायला कारण एवढंच की आपलं यंत्र जाणार. बावीस वर्षं ज्या पडद्यांसमोर बसून आपण अख्खा कारखाना चालवला, ते पडदे, ती कपाटं, त्या मागच्या वायरी, सगळं काढणार. नवीन येऊन पडलं आहे. अठ्ठावीस मार्चला सकाळी जुनं बंद, नवीन चालू. तुम्हाला कळवावंसं वाटलं.

मी गावच्या शाळेतून आलेला. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं बघून पहिल्या आठवड्यात मला घाम फुटायचा. तुम्ही शंभर पानी वहीत प्रत्येक नळीचं, प्रत्येक टाकीचं नाव मराठीत लिहून दिलं होतंत. आणि एक गोष्ट शिकवली होतीत. खरा आकडा थरथरतो, म्हणालात. बावन्न पूर्णांक तीन, मग पाच, मग परत तीन. श्वास घेतल्यासारखा. जो गप्प उभा राहील त्याच्यावर विश्वास ठेवू नको. तो मेला तरी आहे, नाहीतर कुणीतरी बांधलाय.

ताई रागावली आहे ते बरोबर आहे. तुमच्या खुर्चीत मला बसवलं आणि मी बसलो.

तब्येतीला जपा.

तुमचा मेहुणा


२३ फेब्रुवारी

दाजी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

नवीन यंत्र बसवायला एक मुलगी आली आहे. इंजिनिअर. आमच्या थोरलीएवढी असेल. सगळ्यांना काका म्हणते आणि सगळ्यांना कामाला लावते. महिन्याच्या सुरुवातीला, आल्या आल्याच, तिने सगळ्या पाळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की जुन्या यंत्रातला इतिहास नव्यात घेणार नाहीत. कोणी, कधी, कुठला आकडा बदलला, कुठला भोंगा कधी वाजला, त्या सगळ्या नोंदी जुन्या डिस्कवर आहेत, आणि डिस्क काढून तिचा चुरा करणार. कुणाला त्यातलं काही हवं असेल तर वीस मार्चच्या आत लेखी द्या, म्हणाली. शेजारच्या खुर्चीतला बॉयलरवाला म्हणाला, "बाई, माझं तारुण्य आहे बघा त्यात कुठेतरी, तेवढं काढून द्या." सगळे हसले. मीही हसलो.

मग तिने विचारलं, आकडा बांधता तुम्ही लोक, ते नेमकं कसं? तिच्या नव्या यंत्रात तसं करायला दोघांच्या परवानग्या लागणार आहेत. मी तिला समजावलं. एखादी मोजणी बिघडते, तिच्या नळीत गाळ बसतो. आकडा कधी पंच्याण्णव दाखवतो, कधी बारा. यंत्राला काय कळतंय? ते पंच्याण्णव खरं मानून सगळा प्लांट बंद पाडतं. परत उठवायला एकोणीस तास लागतात आणि वर साहेब विचारतात, कोण होतं खुर्चीत? म्हणून ऑपरेटर ती मोजणी तोडतो आणि आपल्या अंदाजाने एक आकडा हाताने टाकतो. यंत्र त्यालाच खरं मानून चालतं. दुरुस्ती झाली की सोडायचा. ती म्हणाली, "आणि सोडायला विसरलात तर?"

बॉयलरवाला चहा आणायला उठला. तिला आपल्याकडचं माहीत नाही.

सगळेच बांधायचे, दाजी. तुम्हीही बांधलेत, दोनदा तर माझ्या समोर. पण तुम्ही पडद्याच्या कडेला लाल चिठ्ठी चिकटवायचात, वहीत लिहायचात, आणि शिट्टीला वॉकीटॉकीवर सांगून टाकीवरची पातळी दाखवणारी काच डोळ्यांनी बघायला लावायचात. चौकशीत तुम्ही हेच म्हणालात ना, की चिठ्ठी नाही, वहीत नोंद नाही, म्हणजे आता माझं वय झालं.

शिट्टीची आठवण येते. बोलण्याआधी वॉकीटॉकीत शिट्टी फुंकायचा, मग म्हणायचा, "गाभारा, ऐकतोय का?" आत बूट काढून यायचं, आत गार, अंधार, आणि देव काही बोलत नाही, म्हणून तो कंट्रोल रूमला गाभारा म्हणायचा. त्या दिवशीही टाकी भरून उकळता द्राव हवेच्या नळीतून वर चढला आणि खालच्या मजल्यावर त्याच्या अंगावर कोसळला, त्याच्या तीन मिनिटं आधी त्याने मला काहीतरी विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं.

नऊ दिवस तो होता. तेराव्या दिवसानंतर तुम्ही म्हणालात, मला त्याच्या घरी ने. मी स्कूटरवरून नेलं. तुम्ही आत जाऊन त्याच्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवलंत. ती घाबरून मागे सरकली आणि म्हणाली, उठा, पोरं बघताहेत. मी दारातच उभा होतो. तुमच्या चपला उंबऱ्यात आडव्या पडल्या होत्या, त्या उचलून मी हातात धरल्या होत्या. त्या वेळी काहीतरी करायला हवं होतं आणि मला तेवढंच सुचलं.

आज इतकंच.


६ मार्च

दाजी,

ताईचं पत्र मिळालं. तीन वर्षांनी तिचं अक्षर बघितलं. एकाच बाजूला लिहिलेलं एक पान. ती लिहिते, 'तुझी पत्रं पोचली. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून ते चष्मा काढून ठेवतात, म्हणून मीच वाचते. यंत्र जाणार म्हणून कळवतोस? मग आम्ही काय यंत्राचं सुतक पाळायचं?'

आणि मग ती तुमचं लिहिते. तुम्ही गॅसची कळ बंद केली की तिला बोलावता, बघ म्हणता, झाली का बंद? ती हो म्हणते. तुम्ही दोन पावलं जाऊन परत येता. दाराला कुलूप लावून जिना उतरता आणि पुन्हा वर जाता. 'मी जेवलो का?' असं तिलाच विचारता. ताट समोरच खरकटं असतं. परवा नातवाला शाळेतून आणायला गेलात आणि रस्ता ओलांडायच्या जागी तासभर उभे राहिलात. गाडी येत नाही हे दिसत होतं, पण आपल्याला दिसतंय ते खरं कशावरून, असं तुम्ही तिला म्हणालात. डॉक्टरांनी सगळं तपासलं, डोक्यात काही दोष नाही म्हणाले. 'त्यांना फक्त स्वतःचा भरवसा राहिला नाही,' ताई लिहिते, 'आणि तू तिथे त्यांच्या खुर्चीत बसून आठवणी काढ.'

ते पान घेऊन मी तीन दिवस फिरलो. देवापुढे बसलो. देवाला हे सगळं मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, आणि तीन वर्षं तेवढ्यावरच भागवत आलो. त्याला सांगायला काही लागत नाही. तो उठून तुमच्या घरी सांगायला येत नाही.

दाजी, आकडा तुम्ही बांधला नाही. मी बांधला.

तुम्ही अंघोळीला गेलात. बॉयलरवाला त्या दिवशी उशिरा येणार होता, खोलीत मी एकटा होतो. तुम्ही उठलात त्याच खुर्चीत मी बसलो. यंत्र तुमच्या नावानेच उघडं होतं. जाताना आपलं नाव बंद करायचं आणि येणाऱ्याने आपलं उघडायचं असा नियम होता, पण तसं केलं की मांडलेली सगळी पानं मिटायची आणि परत मांडायला पाच मिनिटं जायची, म्हणून कुणीच करत नव्हतं. सवड झाली की मग बदलायचं. सहा वाजून बारा मिनिटांनी तळटाकीचा आकडा एकदम एक्याण्णववर गेला. अजून दोन वर गेला असता तर प्लांट बसला असता. मी मोजणी तोडली आणि अठ्ठावन्न टाकला. दहा मिनिटांपूर्वी तेवढाच होता. म्हटलं, आठला वर्कशॉप उघडलं की गाळ काढून घेऊ आणि सोडू. चिठ्ठ्यांचा गठ्ठा खणात होता. खण उघडायला वाकायला लागलं असतं. मी वाकलो नाही.

मग वाफेचा दाब पडला, त्याच्या मागे लागलो आणि विसरलो. देवाशपथ विसरलो. सात सत्तेचाळीसला वॉकीटॉकीत शिट्टी वाजली. तो म्हणाला, "गाभारा, इथं हवेची नळी गुणगुणतेय. पातळी किती दाखवतोय?" मी पडद्याकडे बघितलं आणि सांगितलं, "अठ्ठावन्न. निवांत आहे." मीच टाकलेला आकडा मी त्याला वाचून दाखवला. तो हलत नव्हता, दाजी. एक दशांशसुद्धा हलत नव्हता, आणि तुम्ही शिकवलेलं मला तेव्हा आठवलं नाही. तो नळीखालीच थांबला.

मी तेव्हाच का बोललो नाही? बोलणार होतो. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर माझा नंबर तुमच्यानंतर होता. आत जाऊन काय म्हणायचं ते मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "सांगून टाकलं रे. मला आठवत नाही, पण नोंद माझ्या नावाची आहे. नोंद खोटं कशाला बोलेल? अंघोळीला जाता जाता केलं असणार." मग मला आत बोलावलं. त्यांनी एवढंच विचारलं की पातळीचा आकडा बांधलेला आहे असं मागच्या पाळीने तुम्हाला सांगितलं होतं का? मी म्हणालो, नाही. एका शब्दाचा जबाब आणि तोही खरा. त्या एका शब्दाने तुमची निवृत्तीला आठ महिने उरलेली नोकरी गेली.

तुमचं काहीही चुकलं नव्हतं. तुम्ही टॉवेल घेऊन गेलात आणि अंघोळ केलीत. तुम्हाला जे आठवत होतं तेच खरं होतं.

ताई, हे तू वाचत असशील तर त्यांना मोठ्याने वाचून दाखव. मग मला काय म्हणायचं ते म्हण.


१७ मार्च

दाजी,

ताईचं दुसरं पत्र आलं. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल. तिने घातल्या नाहीत, तेच जास्त लागलं. ती लिहिते की तिने तुम्हाला सगळं वाचून दाखवलं, दोनदा. तुम्ही शांत ऐकलंत, डोळे पुसलेत आणि म्हणालात, "पोरगा गुणाचा आहे. माझ्यासाठी स्वतःवर घेतोय. त्याला लिही, असं खोटं बोलू नये म्हणावं, पाप लागतं."

हे वाचून मी जिन्यात बसलो. बायको वर येत होती, तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि विचारलं, कोण गेलं? मी तिला पत्र दिलं. मग आधीचंही सगळं सांगितलं. तिला तीन वर्षांत काहीच माहीत नव्हतं. तुमचा विषय निघाला की मी उठून जायचो, ते दुःखाने, असं ती सगळ्यांना सांगायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही रोज पूजा करत होता हो." एवढंच. त्या दिवसापासून ती थोरलीकडे राहायला गेली आहे. भाजी करून फ्रिजमध्ये ठेवून गेली.

तर माझ्या सांगण्याचा तुम्हाला उपयोग नाही. तुम्ही नोंद मानता. आयुष्यभर आपण तेच शिकलो, की आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेव, पडदा काय म्हणतो ते बघ. म्हणून आता जे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं तेही सांगतो.

त्या दिवशी तुम्ही फाटकात कार्ड लावून बाहेर पडलात ते सहा एकतीसला. चौकशीच्या कागदांत ती वेळ आहे. सहा बाराला तुम्ही कंपनीतच होता, म्हणून त्यांनी मानलं की तुम्हीच बांधला. त्यांनी यंत्रातून दोन तासांच्या नोंदी छापून मागवल्या होत्या. साडेपाच ते साडेसहा, आकडा बांधल्याचा तास. आणि साडेसात ते साडेआठ, अपघाताचा. मधला तास कुणी मागितला नाही. मी माझं नाव उघडलं ते सहा चाळीसला. त्याआधी, सहा छत्तीसला आणि सहा अडतीसला, मी वाफेची झडप दोनदा थोडी थोडी उघडली. त्या दोन्ही नोंदी तुमच्याच नावावर आहेत. तेव्हा तुम्ही कंपनीच्या बाहेर होता, बस स्टॉपवर.

त्या मधल्या तासाचं हे पान मला अपघातानंतर पाच महिन्यांनी यंत्रात दिसलं. दिवसपाळी होती, दुपारची वेळ. मी काहीतरी दुसरंच शोधत होतो. दिसलं आणि मी ते बंद केलं. मग दर महिन्याला एकदा उघडून बघायचो, आहे का अजून. असायचं. पुसलं जावं असं मी कधी देवाकडे मागितलं नाही. पण फेब्रुवारीत कळलं की डिस्कचा चुरा होणार, तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. पहिलं पत्र मी तुम्हाला लिहिलं ते त्या हलकेपणात. यंत्र जाणार म्हणून कळवावंसं वाटलं असं लिहिलं होतं ना? ते तसं होतं. तुमच्यापासून काहीच लपवायचं नाही असं आता ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो. वाचून तुम्ही माझं तोंड बघणार नाही. बघू नका.

अकरा दिवस राहिले आहेत. ते पान काढायला मोठ्या साहेबांची सही लागते. उद्या जातो.


२७ मार्च

दाजी,

सोबत एक पान जोडलं आहे. आधी पत्र वाचा, मग ते.

अठरा तारखेला साहेबांकडे गेलो. दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, तीन वर्षं झाली, फाइल बंद झाली. त्या बाईला भरपाई मिळाली. दाजींना आता काय परत मिळणार? तुमचं वय काय? एकोणपन्नास म्हणालो. "नऊ वर्षं राहिलीत," ते म्हणाले. "नवीन यंत्र चालू होऊ दे, मग निवांत बघू." नवीन चालू झाल्यावर जुन्यात बघायला काही राहणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी हो म्हणून बाहेर आलो. खरंच हो म्हणालो, दाजी. नंतर पाच दिवस ड्यूटी केली. लेखी द्यायची वीस तारीख येऊन गेली.

तेवीस तारखेला ती इंजिनिअर मुलगी मागच्या कपाटाशी एकटी होती. मी तिला म्हणालो, मला एक पान हवंय, तीन वर्षांपूर्वीचं. ती म्हणाली, "काका, मुदत संपली की." मग माझ्याकडे बघून तिने पडदा उघडला. तारीख सांगितली, तास सांगितला. छापून आलेलं पान तिने देण्याआधी वाचलं. आतापर्यंत तिला कुणीतरी आपल्याकडचं सांगितलं होतं, कारण तिने शिट्टीचं नाव घेतलं. विचारलं, "या दोन नोंदी तुमच्या?" हो म्हणालो. "आणि सहा बाराची?" हो म्हणालो. साहेबांची सही नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, अठ्ठावीस तारखेपर्यंत यंत्र माझ्या ताब्यात आहे, माझी सही चालते. पानाच्या तळाशी तिने सही केली, शिक्का मारला, तीन प्रती दिल्या आणि कपाटाकडे वळली. त्यानंतर तिने मला एकदाही काका म्हटलेलं नाही. काही सांगायचं असलं की बॉयलरवाल्याला सांगते, तो मला सांगतो.

बुधवारी शिट्टीच्या घरी गेलो. त्याची बायको आता शिवणकाम करते, पुढच्या खोलीत मशीन टाकलं आहे. मी दारातूनच सांगितलं. सात सत्तेचाळीसचंही सांगितलं, त्याने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. तिने मशीन थांबवलं नाही. एक अख्खी शिवण संपवली, दोरा दातांनी तोडला आणि मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्या माणसाला मी पाया पडू दिलं. तुम्ही इथेच उभे होता. इथेच." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "त्यांना बोलवा माझ्याकडे. मला त्यांच्या पाया पडायचंय. तुम्ही येऊ नका." मी निघालो. ती मागून म्हणाली, "नळीखालून बाजूला सर, एवढं तरी म्हणायचं होतं."

तेवढं मी म्हणालो नव्हतो. तेच वाक्य घेऊन फिरतो आहे. देवापुढे बसलो की तेच ऐकू येतं. परवापासून बसत नाही.

दाजी, आता पान बघा. ताईला वाचू देऊ नका, तुम्ही स्वतः चष्मा लावून वाचा. डावीकडे वेळ आहे, मधे नाव, उजवीकडे काय केलं ते. सहा बाराची ओळ आहे. तिच्या खाली बोट धरून या. सहा छत्तीस, वाफेची झडप, तुमचं नाव. सहा अडतीस, तेच. मग सहा चाळीसला माझं. आणि तुमच्या चौकशीच्या कागदांत, ताईने निळ्या फाइलमध्ये ठेवलेत म्हणून तिने लिहिलं होतं, त्यात फाटकाची वेळ बघा. मी खोटं बोलतो असं तुम्हाला वाटतं, वाटू द्या. मला मानू नका. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवा. सहा छत्तीसला तुम्ही बस स्टॉपवर होता. तुम्हाला ते आठवत असेल. जे आठवतंय ते खरं आहे.

हे वाचूनही तुम्ही गॅसची कळ बघायला उठाल, हे मला माहीत आहे. तीन वर्षं एका पानाने भरून येत नाहीत. तुम्ही बरे व्हाल असं लिहायचा मला अधिकार नाही.

आज सकाळी सुट्टी टाकून कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. दुसऱ्या मजल्यावर, लांबट खोली, खिडकीजवळ टाइप करणारा कारकून. निरीक्षक साहेबांनी आधी विचारलं की वकील आणलाय का, मग म्हणाले की हे दिल्यावर कंपनी तुम्हाला ठेवणार नाही आणि पोलीसही बोलावतील, विचार करून या हवं तर. मी म्हणालो, विचार करूनच तीन वर्षं गेली. मी सांगत गेलो, कारकून टाइप करत गेला. सहा बारा, अठ्ठावन्न, चिठ्ठी लावली नाही, सात सत्तेचाळीस. शिट्टीचं खरं नाव सांगताना मी अडखळलो, त्याने पाणी दिलं. बाकावरचंही सांगितलं, 'नाही' हा जबाब कसा दिला ते. चार पानं झाली. छापील पानाची एक प्रत त्याने टाचणीने जोडली. मग सगळं मला वाचून दाखवलं आणि विचारलं, काही बदलायचंय? मी नाही म्हणालो.

चारही पानांवर सही केली. कागद त्याने माझ्यासमोरून ओढून घेतले, वर नंबर टाकला आणि आतल्या साहेबांकडे नेऊन दिले.